नाच, वाद्य आणि रिंगण

लोकनृत्याचा इतिहास लिहूं लागलें म्हणजे लेखकाची दृष्टि प्रथम पावलांकडे व पेहरावाकडे जाते. वाद्याकडे ती मागाहून जाते, आणि तें वाद्य कोणाच्या सांगण्यावरून वाजत होतें या प्रश्नाकडे तर बहुधा जातच नाहीं. जुना नाच नव्या वाद्यांत शिरला म्हणजे तो भ्रष्ट झाला, असें एक पक्ष म्हणतो. नव्या वाद्यावांचून तो जगणारच नाहीं, असें दुसरा पक्ष म्हणतो. हा वाद केवळ तर्कानें सुटण्यासारखा नाहीं. पालघर जिल्ह्याच्या समुद्रकांठीं व डोंगरपट्टींत त्याच्या दोन्ही बाजू प्रत्यक्ष पाहावयास मिळतात; आणि त्यांच्या जोडीला पोलंड देशांतील मझुर्का नांवाच्या नाचाचा इतिहास ठेवला, तर कांहीं निश्चित विधान करतां येईल असें आम्हांस वाटतें.

पालघर जिल्हा जुन्या ठाणें जिल्ह्यांतून १ ऑगस्ट २०१४ रोजीं वेगळा निघाला. मुंबईहून सुरतेकडे जाणारा लोहमार्ग त्याचे जणूं उभे दोन पदर करतो. पालघर किंवा बोईसर स्टेशनावर उतरून पश्चिमेस वळावें, तर सातपाटी, मुरबें, दांडी, तारापूर अशीं गांवें लागतात; कोळी, मांगेले, वैती ही तेथील दर्यावर्दी वस्ती. पूर्वेस वळावें, तर मनोर, विक्रमगड, जव्हार अशी चढण सुरू होते, आणि वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी यांचे पाडे दिसूं लागतात. दोहोंच्या मध्यें बोईसराजवळ कारखान्यांची मोठी वसाहत आहे, आणि तारापूरच्या किनाऱ्यावर १९६९ सालीं सुरू झालेलें देशांतील पहिलें अणुवीजकेंद्र आहे. यांपैकीं किनाऱ्याचा नाच पितळी बँडांत शिरून बसला; डोंगराचा नाच अद्याप भोपळ्याच्या वाद्याला धरून आहे. एकाच जिल्ह्यांत हें असें कां व्हावें?

पितळी फुंकवाद्यांची ओळख आम्हांस इंग्रजांनीं करून दिली, असें समजणें बरोबर नव्हे. तुतारी, शिंग, कर्णा हीं आमचीं जुनीं धातूचीं वाद्यें होत. परंतु ओठांच्या ताणानें निघतील तेवढेच मोजके स्वर त्यांतून निघतात. गाण्याची सलग चाल त्यांवर वाजवितां येत नाहीं. युरोपांतील तुताऱ्यांचीही हीच अडचण होती. ती १८१८ च्या सुमारास जर्मनींत स्टोल्झेल व ब्ल्यूमेल या दोघां वादकांनीं काढलेल्या झडपांच्या युक्तीनें दूर झाली. झडप दाबली कीं नळींतील हवेची वाट लांबते व स्वर उतरतो. तीन झडपांच्या उलटसुलट जुळणीनें सप्तकांतील सगळे स्वर हातीं येतात. रणांगणावर इशारा देणारें वाद्य लग्नमंडपांत येऊन गाणें गाऊं लागलें, तें या लहानशा युक्तीमुळें.

या वाद्यांस उत्तर कोंकणांत अनुकूल भूमि मिळाली, याला पूर्वीचें कारण होतें. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे होता. तारापूरचा किल्ला १७३९ च्या जानेवारींत मराठ्यांनीं घेतला व त्या लढाईंत बाजी भिवराव रेठरेकर पडले. त्याच वर्षीं मे महिन्यांत वसईचा पाडाव झाला. पोर्तुगीजांचें राज्य गेलें, तरी येथील ख्रिस्ती वस्ती राहिली व तिच्याबरोबर प्रार्थनेंतील सामुदायिक गायनाची संवयही राहिली. पुढें इंग्रजी पलटणींच्या बँडांत हाताखालीं शिकलेले वादक शहरांत व गांवांत पसरले. गोव्यांतील चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेले तरुण मुंबईस आले. अशा गोमंतकीय वादकांपैकीं चिक चॉकोलेट या नांवानें गाजलेला ट्रंपेटवादक सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदांत होता, आणि १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटांतील त्याची तुतारी पुष्कळांच्या कानांत अजून असेल. वसई-पालघरकडे ख्रिस्ती लग्नांत विहिरीवरून पाणी आणण्याची मिरवणूक बँडाच्या मागून निघते, आणि शेजारच्या कोळीवाड्यांत हळदीची रात्र बँडाशिवाय पुरी होत नाहीं.

आतां मुद्दा असा कीं, पलटणीचा बँड चालण्यासाठीं जन्मला. डावा, उजवा, डावा, उजवा, असा त्याचा हिशेब दोहोंचा. कोळ्यांच्या नाचाचा हिशेब निराळा. वल्हें मारतांना अंग पुढें जातें, मागें येतें, आणि मध्यें होडी लाटेवर क्षणभर अधांतरीं राहते. हाच झोका त्यांच्या नाचांत उतरला आहे असें आम्हांस वाटतें. निदान त्यांच्या गीतांचा ठेका बहुधा तीन-तीन मिळून सहा मात्रांचा असतो, एवढें कोणासही टाळीवर मोजून पाहतां येईल. चालणाऱ्या वाद्याला हा झोका शिकावा लागला. तो कोणत्या संगीतशाळेंत शिकविला गेला नाहीं. हळदीच्या अंगणांत नाचणाऱ्या बाया जर थांबल्या, तर बँडवाल्यास तत्काळ उमजतें कीं आपलें कांहीं चुकलें. कारण त्याची बिदागी त्याच घरांतून यावयाची असते. अशा रीतीनें क्लॅरिनेटनें चाल धरावी, ट्रंपेटांनीं ती उचलावी, मोठ्या ढोलानें झोक्याचा भार सांभाळावा, अशी वाटणी होत गेली. पितळेनें कोळ्यांच्या नाचाला आपल्या चालीवर ओढून नेलें नाहीं. कोळ्यांच्या नाचानें पितळेला आपल्या चालीवर आणलें.

हाच प्रकार युरोपांत अधिक विस्तारानें घडलेला दिसतो. वॉर्सा शहराच्या भोंवतालचा प्रांत तो मझोविया. तेथील शेतकऱ्यांचा तीन मात्रांचा नाच तो मझुर. त्याचा मंद प्रकार कुयाव्याक व जलद प्रकार ओबेरेक. या कुळास परदेशीं मझुर्का हें एकच नांव पडलें. वॉल्ट्झ नाचाचा भार पहिल्या मात्रेवर ठाम पडतो. मझुर्क्यांत तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या मात्रेवर सरकतो, आणि पाऊल जणूं अडखळून पुन्हां सावरतें. हें अडखळणें हाच त्या नाचाचा प्राण. जुन्या काळीं तो सारंगीसारख्या वाद्यावर व पिशवीच्या बाजावर नाचत. या बाजाची कातडी पिशवी वाऱ्याचा सांठा करते, म्हणून त्याचा आधारस्वर क्षणभरही तुटत नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तारप्याच्या प्रसंगीं तिचें प्रयोजन पडणार आहे.

अठराव्या शतकांत मझुर्का सरदारांच्या वाड्यांत व तेथून युरोपच्या दरबारांत गेला. १७७२ ते १७९५ या काळांत तीन शेजारी राज्यांनीं पोलंड वांटून घेतलें. देश नकाशावरून पुसला गेला असतां, १७९७ सालीं इटलींत जमलेल्या पोलिश सैनिकांसाठीं यूझेफ विबित्स्की यानें एक गीत रचलें, तें मझुर्क्याच्याच चालीवर. पोलंड १९१८ सालीं पुन्हां स्वतंत्र झालें, आणि १९२७ सालीं तेंच गीत राष्ट्रगीत ठरलें. मधल्या काळांत शोपँ या थोर पियानोवादकानें सुमारें साठ मझुर्का रचले. पियानोचा स्वर उमटला कीं विरूं लागतो. पिशवीच्या बाजाप्रमाणें तो धरून ठेवतां येत नाहीं. म्हणून शोपँनें कित्येक ठिकाणीं डाव्या हातांत षड्ज-पंचमाची जोडी पुनःपुन्हां वाजवून त्या अखंड आधारस्वराचा भास निर्माण केला, आणि भाराचें अडखळणें जसेंच्या तसें राखलें. वाद्य पार बदललें. परंतु काय सोडावयाचें व काय सोडावयाचें नाहीं, हें त्याला ठाऊक होतें.

पोलंडच्या खेड्यांत मझुर पितळेंतही गेला. सैन्यांतून परतलेल्या लोकांनीं कॉर्नेट व ट्रंपेट घरीं आणले. गांवोगांवच्या आग विझविणाऱ्या स्वयंसेवकांच्या पथकांनीं आपापले बँड उभे केले. तेच लोक दिवसां मिरवणुकींत वाजवीत व रात्रीं लग्नांत. येथेंही बिदागी नाचणाऱ्यांच्या घरची होती, आणि नाच टिकला. पुढें १९४८ सालीं 'मझोव्शे' हें सरकारी नृत्यपथक निघालें. त्याच्या कलावंतांची तालीम उत्तम व पोशाख झगझगीत; जगभर त्याची वाहवा झाली. परंतु रंगभूमीवर नाचणारे निराळे व पाहणारे निराळे. ज्या खेड्याचा नाच, तें खेडें खुर्चींत बसलें. ही उणीव ओळखून १९९४ च्या सुमारास वॉर्सांतील कांहीं तरुणांनीं खेड्यापाड्यांतील वृद्ध वादकांकडे जाऊन शिकण्यास आरंभ केला व 'नृत्यगृह' अशा अर्थाच्या नांवाची चळवळ काढली. २०१० पासून तेथें 'जगांतील सगळे मझुर्का' या अर्थाच्या नांवाचा उत्सवही भरूं लागला. या मंडळींचा भर एका साध्या गोष्टीवर आहे: आलेल्यानें नाचलें पाहिजे.

पोलंड आम्हांस अगदींच परकें आहे, असेंही नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत रशियांत हद्दपार होऊन इराणमार्गें सुटलेले सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक स्त्रिया व मुलें, १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापुराजवळ वळिवडें येथील छावणींत राहिले. तेथें त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होतें, बालवीरांचीं पथकें होतीं. आणि मुलांना स्वदेशाचे पोशाख शिवून देऊन त्यांच्याकडून स्वदेशाचे नाच बसवून घेत. त्यांतील कित्येक मुलांना आपलें गांव आठवतही नसेल. देश नाहीं, घर नाहीं, भोंवतीं ऊंस व पंचगंगेचें खोरें. तरी आपण कोण हें मुलांना सांगण्यासाठीं त्या मातांनीं नाच हें एक साधन मानलें. वॉर्सामध्यें या छावणीचें स्मारक आहे, व २१ ऑगस्ट २०२४ रोजीं आमच्या पंतप्रधानांनीं तेथें पुष्पांजलि वाहिली. नाच ही करमणुकीची बाब आहे असें मानणाऱ्यांनीं वळिवड्याचा इतिहास अवश्य पाहावा.

आतां डोंगराकडे वळूं. वारल्यांचा तारपा सुकविलेल्या दुधी भोपळ्याचा करतात. भोपळ्यांत बांबूच्या दोन नळ्या मेणानें बसवितात, त्यांत जीभ असते, आणि टोंकाला ताडाच्या पानांचा कर्णा गुंडाळतात. हें वाद्य तीन-चार हातही लांब असतें. वादक गालांत हवा धरून नाकानें श्वास घेतो, म्हणून नाद तुटत नाहीं. मझोवियांत जें काम कातडी पिशवी करी, तें येथें माणसाचे गाल व भोपळा मिळून करतात. नवें भात तयार झालें म्हणजे तारपा घुमूं लागतो व दिवाळीपर्यंत घुमत राहतो. तारपकरी मध्यें उभा. एकमेकांच्या कमरेला हात घालून बायापुरुषांची सांखळी त्याच्या भोंवतीं फिरते, आणि त्याच्याकडे पाठ होऊं देत नाहीं. त्यानें चाल पालटली कीं पावलें पालटतात. पावलें मंदावलीं कीं तोही चाल पालटतो. कोण कोणास नाचवितो हें सांगतां येणें कठीण.

गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांनीं हें रिंगण कागदावर आणलें. त्यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते वारले. सांप्रत हें रिंगण स्टेशनांच्या भिंतींवर, पडद्यांवर, पेल्यांवर सर्वत्र दिसतें. तारप्याचें चित्र न पाहिलेला सुशिक्षित मराठी माणूस क्वचितच सांपडेल. तारपा ऐकलेला मात्र शोधावा लागेल. जव्हार तालुक्यांतील वाळवंडें येथील वयोवृद्ध तारपकरी भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ सालीं पद्मश्री जाहीर झाली, ही गोष्ट आनंदाची खरी. तथापि मानपत्र वादकाला मिळतें, रिंगणाला मिळत नाहीं. ९ ऑगस्ट या आदिवासी दिनीं पालघर-बोईसरच्या रस्त्यांवरून मिरवणुका निघतात, त्यांत तारपाही असतो व ध्वनिवर्धकांची भिंत लादलेली गाडीही असते. भिंतीपुढें भोपळ्याचा आवाज तो किती पुरणार?

हा दुबळेपणा वाद्याचा आहे काय? आमचें मत तसें नाहीं. तारप्याचा नाच नव्या भाताचा. आणि कित्येक पिढ्या तें भात वारल्याचें नव्हतेंच. जमीन सावकाराची, वेठ सावकाराची, खळ्यावरचें धान्य सावकाराचें. २३ मे १९४५ रोजीं तलासरीजवळ झरी येथें परिषद भरली व वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. त्याची हकीकत गोदावरी परुळेकरांनीं 'जेव्हां माणूस जागा होतो' या १९७० सालच्या पुस्तकांत लिहिली आहे. वेठ गेली, परंतु आज घरांतील तरुण कापणीच्या दिवसांत वीटभट्टीवर, कारखान्यांत किंवा मुंबईच्या बांधकामावर असतो. किनाऱ्यावर बँडाला नाचणाऱ्यांची बिदागी मिळाली. डोंगरांत नाचणाऱ्यांपाशीं ना वेळ उरला, ना बिदागी. म्हणून तारप्याचा यजमान बदलला: पाड्याच्या जागीं समारंभाचा व्यवस्थापक आला. पंधरा मिनिटांचा कार्यक्रम, प्रमुख पाहुण्यांकडे तोंड, आणि पुढील कार्यक्रमाची घोषणा. वस्तुतः प्रमुख पाहुण्याकडे तोंड केलें म्हणजे तारपकऱ्याकडे पाठ होते, आणि पहिलाच नियम मोडतो.

अशा स्थितींत तारप्याच्या चाली पितळी बँडांत आणाव्या काय? आम्ही म्हणतों, अवश्य आणाव्या. मात्र शोपँची व कोळीवाड्याची सावधगिरी ठेवून. तारप्याचे स्वर पेटीच्या स्वरांशीं तंतोतंत जुळत नाहींत. ते बळेंच जुळवूं नयेत. जीभ असलेलें क्लॅरिनेट हें तारप्याचें जवळचें नातलग, म्हणून चाल त्याकडे द्यावी. आणि नाद तुटूं नये यासाठीं दोघां वादकांनीं आळीपाळीनें श्वास घेऊन ती चालवावी. खालचा घुमणारा आधार युफोनियमकडे द्यावा. ट्रंपेटांनीं संयम राखावा. सगळ्यांत मुख्य म्हणजे बँडानें मिरवणुकीच्या पुढें न चालतां रिंगणाच्या मध्यें उभें राहावें, आणि पावलांकडे पाहून चाल पालटावी. बोईसर-पालघरच्या शाळांतून व आश्रमशाळांतून बँडपथकें असतात. तेथील मुलांना भाताच्या हंगामांत चार दिवस तारपकऱ्याजवळ बसविलें, तर या कामास कोणा परदेशी तज्ज्ञाची गरज नाहीं. तारपा टाकून द्यावा असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. पोलंडांत बँड आले म्हणून सारंग्या जळाल्या नाहींत. नवा सूर ऐकून जुन्याचा शोध घेणारे तरुण पुढें निघालेच.

किनाऱ्यानेंही फारसें निश्चिंत राहूं नये. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठीं अक्करपट्टी व पोफरण हीं गांवें आपल्या जागेवरून उठलीं. डहाणूजवळील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें झाली, आणि मासेमारीच्या जागांविषयीं कोळीवाड्यांत काळजी आहे. देशाला वीज पाहिजे, बंदरें पाहिजेत, हें आम्हांस मान्य आहे. परंतु गांव हलवितांना घरांची मोजदाद होते, झाडांची होते, विहिरींची होते; ज्या अंगणांत हळदीचा नाच होई त्या अंगणाची किंमत कोणत्या रकान्यांत लिहितात? नव्या वसाहतींत घरें मिळतात, पण चाळीसजण एका वेढ्यांत फिरतील एवढी मोकळी जागा बहुधा मिळत नाहीं. बँड तोच राहील, चाली त्याच राहतील, आणि ऐकणारे खुर्च्यांवर बसलेले असतील.

मझुर्का, कोळ्यांचा झोका व तारप्याचें रिंगण यांचा हा इतिहास पाहतां आमचा निष्कर्ष इतकाच आहे. नाच भोपळ्यांतून पितळेंत गेला म्हणून मरत नाहीं, आणि पितळ मिळालें एवढ्यानें जगतही नाहीं. चाल कोणाच्या पावलांनीं ठरते, यावर त्याचें आयुष्य अवलंबून आहे. वाद्य कोणतेंही असो. मध्यें उभा राहून तें फुंकणारा माणूस रिंगणाला ओळखणारा असावा, आणि रिंगणाला त्यास थांबविण्याचा अधिकार असावा. येत्या भाताच्या हंगामांत ज्यांना सवड होईल त्यांनीं जव्हार-विक्रमगडाकडे जावें. आणि तेथील मंडळींनीं हात पुढें केला, तर पाहुणे म्हणून उभे न राहतां त्या सांखळींत शिरावें.